तिसऱ्या ओळीवर अडलेला लेख

प्रश्न असा आला आहे: "मी पारोळा तालुक्यात शिक्षिका आहे. एका दिवाळी अंकासाठी खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवावर दोन हजार शब्दांचा लेख द्यायचा आहे. विषय घरचाच, लहानपणापासून पाहिलेला. तरी दोन महिन्यांत तीन ओळींच्या पुढे गाडी गेली नाही. लिहायला बसले की फोन हातात येतो, नाहीतर वह्या तपासायच्या आठवतात. कुणीतरी सुचवलं म्हणून आधी वीस मिनिटं ध्यान करते. मन शांत होतं, पण लिहिणं होत नाही. मी आळशी आहे, की मला लिहिताच येत नाही?"

ताई, दोन्ही नाही. तुमच्या प्रश्नात निदानाला पुरेल अशी एक नेमकी गोष्ट आहे, ती म्हणजे तीन ओळी. लिहिणं अडलं असं सगळेच सांगतात, पण कुठे अडलं ते क्वचितच कुणी सांगतं. उपाय मात्र त्या जागेवरूनच ठरतो.

पान अगदी कोरं राहत असेल, तर बहुधा सांगायचं काय हे ठरलेलं नसतं, किंवा सांगायचं इतकं असतं की धरायचं कुठून ते कळत नाही. निम्मा लेख होऊन थांबला असेल, तर बहुतेक वेळा माहितीत भोक असतं, नाहीतर लिहिता लिहिता विषयाने वळण घेतलेलं असतं आणि आपण जुन्याच आराखड्याला धरून बसलेलो असतो. तिसऱ्या-चौथ्या ओळीवर अडण्याचं कारण या दोन्हींपेक्षा वेगळं. तिथे सांगायचं असतं, सुरुवातही झालेली असते, पण लिहिणाऱ्या हाताच्या बरोबरीने तपासणारा हात चालू झालेला असतो. पहिली ओळ लिहिली की ती वाचायची, एक शब्द बदलायचा, दुसरी लिहायची, मग पहिली खोडायची. तासाभराने पान काळं झालेलं असतं आणि मजकूर तीनच ओळींचा. शिक्षकांमध्ये हे जास्त दिसतं, कारण लाल पेन वर्षानुवर्षं हातात असतं.

अमेरिकेतले लेखनशिक्षणाचे अभ्यासक माइक रोज यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांच्या अडण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अडणाऱ्या आणि न अडणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये त्यांना जो फरक दिसला तो हुशारीचा नव्हता, नियमांचा होता. अडणाऱ्यांच्या डोक्यात ताठर नियम होते, उदाहरणार्थ, पहिल्याच परिच्छेदात वाचकाला पकडलं पाहिजे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते कामाला आले तर वापरायचे, नाहीतर बाजूला ठेवायचे. तुमच्या त्या तीन ओळी मी पाहिलेल्या नाहीत, तरी त्या 'खान्देश ही सांस्कृतिकदृष्ट्या समृद्ध भूमी आहे' अशा चालीच्या असतील, असा माझा अंदाज आहे. पहिला परिच्छेद भारदस्त हवा या नियमातून अशीच वाक्यं येतात, आणि त्यांच्यापुढे चौथं वाक्य सुचत नाही, कारण त्यांत कुणी माणूस नसतो, वस्तू नसते, वेळ नसते.

आपल्या भागात याच्या जोडीला आणखी एक ओझं असतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कानबाई तुमच्या मनात अहिराणीत, आपल्या खान्देशी बोलीत आहे. लेख प्रमाण मराठीत हवा आहे. 'माय रोटना गहू निवडत बसेल व्हती' (आई रोटांचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू निवडत बसली होती) एवढं एक वाक्य कागदावर आणायचं म्हटलं तरी पूर्णविरामापर्यंत किती निर्णय घ्यावे लागतात बघा. माय लिहू की आई? रोट म्हणजे काय, हे इथेच सांगू की पुढे? 'बसली होती' लिहू की दरवर्षीचं म्हणून 'बसत असे' लिहू? संपादक पुण्याचे असतील तर 'निवडत'च्या आधी 'सुपात' घालू का? वाक्य सहा शब्दांचं आणि निर्णय चार. शिवाय त्याच वेळी पुढचं वाक्यही सुचायला हवं. डोकं या सगळ्याला एकदम पुरत नाही. खळ्यावर मळणी आणि उपणणी आपण एकाच वेळी करत नाही, आणि लिहिण्यातही ती दोन कामं दोन दिवशीच करावी लागतात.

आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर बसून, शेतात काम करताना त्या ओव्या रचत आणि घरच्या बोलीत म्हणत. उतरवून घेण्याचं काम मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी केलं, आणि बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी ती कविता पुस्तकरूपाने आली. त्यांची प्रतिभा कुणी उसनी घेऊ शकत नाही. पण तिथे रचणं आणि उतरवणं ही कामं दोन माणसांत आपोआप वाटली गेली होती. तुम्हाला ती स्वतःच दोन वेळांत वाटून घ्यायची आहेत. मोबाइल आहे, त्यामुळे अवघड नाही.

पहिल्या दिवशी लिहायचं नाही. कानबाई कधीच न पाहिलेलं एखादं माणूस समोर बसवा, मुंबईकडची भाची किंवा शाळेतली विदर्भातून आलेली सहकारी. कुणीच नसेल तर फोनवर बोला. भिंतीकडे बघून रेकॉर्ड केलं की पुन्हा भाषण सुरू होतं, म्हणून समोर माणूस हवंच. ऐकणाऱ्याच्या 'मग?' या एका शब्दाने सांगणं पुढे सरकतं. रेकॉर्डर चालू करून दहा-बारा मिनिटं अहिराणीत बोला, किंवा तुमच्या घरी जशी सरमिसळ असते तसं. माहात्म्यापासून सुरुवात करू नका, एखाद्या वस्तूपासून करा: चौरंगावरचा नारळ, त्याला घातलेली नथ, घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीने मोजून घेतलेले गहू. ते गहू कोण मोजायचं, मोजताना काय बोललं जायचं, पोरासोरांना कुठे हाकलायचे, एवढं सांगितलंत तरी दहा मिनिटं कमी पडतील. दहा मिनिटांच्या बोलण्यात साधारण हजारभर शब्द येतात. अशा दोन बैठकींत तुमच्या लेखाएवढा कच्चा माल तयार होतो.

दुसऱ्या दिवशी ते ऐकून उतरवा. दहा मिनिटांच्या बोलण्याला पाऊण ते एक तास लागतो, तेवढा वेळ धरूनच बसा. रेघी वहीत एक ओळ सोडून लिहा आणि तोंडातून निघालं तसंच लिहा, 'मंग' आणि 'नी' सकट. बोललेलं आपोआप टाइप करणारी फोनमधली सोय अहिराणीवर अडखळते आणि तिच्या चुका निस्तरण्यातच वेळ जातो. हाताने लिहिलेलं बरं.

बहुतेक जण इथेच घसरतात. उतरवताना हात शिवशिवतो आणि माणूस वाक्यं सुधारू लागतो. नाहीतर उतरवलेलं वाचून हिरमोड होतो की हे किती विस्कळीत आहे. बोलणं कागदावर पहिल्यांदा विस्कळीतच दिसतं, सगळ्यांचं. त्या दिवशी ते वाचूच नका, वही मिटून ठेवा.

तिसऱ्या दिवशी पेन्सिल घ्या आणि फक्त खुणा करा. बोलताना जिथे तुमचा वेग वाढला, जिथे तुम्ही एकाच गोष्टीवर रेंगाळलात, जिथे समोरच्याने मध्येच प्रश्न विचारला, अशा तीन-चार जागा निवडा. लेख त्या जागांचा होईल. बाकीचं गाळायला जीव तुटेल, पण दोन हजार शब्दांत कानबाईची स्थापना, रोट, रात्रीची गाणी, विसर्जनाची मिरवणूक, कानबाईच्या जोडीची रानबाई, गावागावांतले फरक आणि आजचं बदललेलं रूप हे सगळं मावत नाही. मावेल असं वाटणं हेही अडण्याचं मोठं कारण असतं.

चौथ्या दिवसापासून मसुदा. त्याला दोनच बंधनं ठेवा. खोडायचं नाही, आणि शब्द अडला तर रेघ मारून पुढे जायचं. ऱ्हस्व-दीर्घाकडे बघायचं नाही. माहिती कमी पडली की तिथेच 'इथे – मोठ्या काकूंना विचारणे' असं लिहून पुढचं वाक्य धरायचं, उठून फोन लावायचा नाही. फोन लावलात की काकूंशी तासभर गप्पा होतील, चांगल्याच होतील, पण त्या दिवसाचं लिहिणं गेलं. निम्म्यावर अडणाऱ्या लेखांवरही हाच उपाय लागू पडतो.

प्रमाण मराठीत आणण्याचं काम अगदी शेवटी, पूर्ण मसुदा हाती आल्यावर. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचं बोलणं, वस्तूंची नावं अहिराणीत ठेवली तर राज्यभरच्या वाचकाला अडचण येत नाही. नवा शब्द पहिल्यांदा येईल तिथेच वाक्याच्या ओघात त्याचा अर्थ कळू द्या. शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नका, ती कुणी उघडत नाही. आणि 'माय'ची 'आई' करण्याआधी ते वाक्य मोठ्याने वाचून बघा. पुष्कळदा माय तशीच राहिलेली बरी असते.

आता चालढकलीबद्दल. तुम्ही स्वतःला आळशी म्हणता, पण आळशी माणसाला न लिहिल्याचा त्रास होत नाही. तुम्हाला दोन महिने होतो आहे. कॅनडातले टिमोथी पिचल आणि इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या फ्युशिया सिरॉइस या अभ्यासकांनी चालढकलीचं जे स्पष्टीकरण मांडलं आहे ते मला पटतं. त्यांच्या मते तिथे वेळेचं नियोजन चुकलेलं नसतं, नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका करून घेतलेली असते. वही उघडली की पोटात खड्डा पडतो. वही मिटून गठ्ठ्यातली उत्तरपत्रिका घेतली की लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणंच सवय पक्की करतं. वह्या तपासणं हे खरंखुरं, उपयोगी काम असल्यामुळे सुटका अपराधी वाटत नाही, म्हणून ती फोनपेक्षाही जास्त फसवते.

त्यामुळे स्वतःला झापून उपयोग होत नाही, झापण्याने ती भावना आणखी नकोशी होते. कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. गेलेल्या दोन महिन्यांचा हिशेब मांडायचं सोडून द्या, ताई. खरंच सोडून द्या. तो हिशेब डोक्यावर घेऊन बसलात तर प्रत्येक वाक्याने दोन महिन्यांची भरपाई केली पाहिजे असं वाटत राहतं, आणि इतकं भारी वाक्य कुणालाच सुचत नाही.

ध्यानाविषयी तुम्ही जे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. मन शांत होतं, लिहिणं होत नाही, कारण ते ध्यान लिहिण्यापासून दूर बसून केलेलं आहे. वीस मिनिटं झाल्यावर वही उघडली की पोटातला खड्डा होता तिथेच असतो. काहींच्या बाबतीत तर ध्यान हीच चालढकल होऊन बसते: आज मन पुरेसं स्थिर नाही, उद्या लिहू. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सजगतेवर आधारित जो कार्यक्रम सुरू केला, त्यात येणाऱ्या अनेकांना जुनाट दुखणी होती. दुखणं जाण्याची वाट न पाहता, ते असतानाच त्याच्याकडे नीट बघायला तिथे शिकवलं जाई. लिहिण्यातही शांत होण्याची वाट न पाहता अस्वस्थपणासकट पेन चालवायला शिकायचं आहे. आणि इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवस जावं का, असं मनात असेल, तर जरूर जा, पण लेखासाठी नको. विपश्यनेच्या शिबिरात वाचायला आणि लिहायला मनाई असते.

तीन मिनिटं पुरतात, मात्र ती उघड्या वहीसमोर, हातात पेन घेऊनच. पहिलं मिनिट पायाचे तळवे, बसलेल्या जागेचा आधार आणि पेनचं वजन यांकडे लक्ष द्या, श्वास मोजायची गरज नाही. दुसऱ्या मिनिटाला शरीरात ताण कुठे आहे ते शोधा. जबडा, खांदे, घसा, पोट, जिथे असेल ते मनातल्या मनात साध्या शब्दांत म्हणा: 'घशाशी आवळतंय'. घालवायचा प्रयत्न करू नका. तिसऱ्या मिनिटाला काल लिहिलेलं शेवटचं वाक्य एकदाच वाचा आणि पुढचं लिहायला लागा. डोळे मिटू नका, मिटले की पुन्हा ध्यानाचा थाट येतो.

खरं काम यानंतर आहे. लिहिता लिहिता एक क्षण येतो, हात फोनकडे जातो किंवा माणूस खुर्चीतून निम्मा उठलेला असतो. तो क्षण पकडायचा. उठण्याआधी समासात एकच शब्द लिहायचा: आत्ता, उठावंसं वाटलं तेव्हा, मनात काय होतं? भीती, कंटाळा, माहीत नाही, दमले, यांपैकी बहुधा एखादा असेल. मग आणखी एक वाक्य लिहायचं, कसंही चालेल, आणि त्यानंतर उठायला पूर्ण मोकळीक. सुरुवातीला हे आठवणारच नाही, पाणी पिऊन परत आल्यावर आठवेल. तेव्हा लिहिलं तरी चालतं.

आठवड्याने समास वाचा. 'माहीत नाही' जास्त असेल तर अडचण लेखनाची नसून माहितीची आहे. एक दुपार काकू-मावश्यांना विचारण्यात घालवा. 'कंटाळा' असेल तर तो भाग गाळा, कारण तुम्हाला लिहिताना कंटाळा येतो तिथे वाचकालाही येणार. सहसा तो उत्सवाच्या इतिहासाचा भाग असतो, जो आपल्याला धड ठाऊक नसतो आणि लेखात असलाच पाहिजे असं उगाच वाटत असतं. 'दमले' असेल तर झोप आणि वेळ बदला.

'भीती' असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: वाक्य लिहिताना कुणाचा चेहरा समोर येतो? संपादकांचा, स्टाफरूममधल्या कुणाचा, की घरच्यांचा? कानबाईचे रोट हा सगळ्या भाऊबंदकीचा मामला आहे. कोण आलं, कोण रुसलं, कुणाच्या घरचे रोट वेगळे झाले, हे लिहिलं तर घरात काय म्हणतील, ही भीती खोटी नाही. तिच्यावर मार्ग असा, की मसुद्यात सगळं लिहायचं, तो कुणाला दाखवायचा नाही, आणि काय ठेवायचं याचा निर्णय शेवटच्या दिवशी घ्यायचा. नावं काढता येतात, नाती बदलता येतात, एखादा प्रसंग घरच्या थोरांना वाचून दाखवून परवानगी घेता येते. पण लिहिण्याआधीच गाळायला लागलात तर त्या प्रसंगाबरोबर शेजारची चार चांगली वाक्यंही जातात.

वेळेचं थोडक्यात. रोज पंचवीस मिनिटं पुरे, आणि ठरलेल्या वेळेला थांबायचंच, रंग चढला असला तरी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लेखनसवयींवर पुष्कळ काम केलं. सुट्टीत सलग बसून उरकू म्हणणाऱ्यांपेक्षा रोज थोडं लिहिणाऱ्यांचं काम जास्त होतं, असं त्यांना आढळलं. उठताना वाक्य अर्धं सोडून उठा, दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. 'सकाळी लिहीन' असा मोघम निश्चय टिकत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी सुचवलेली जोडणी टिकते: अमुक झालं की तमुक करीन. 'चहाचा कप विसळून ठेवला की वही उघडीन' हे वाक्य कागदावर लिहून ओट्याशी चिकटवा.

आपल्याकडे वेळ निवडताना ऋतूही बघावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत दुपारी लिहिणं झालं नाही म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही, पहाटेची साडेपाच ते सहा हीच वेळ. जूनमध्ये शाळा उघडली की पहिले दोन आठवडे प्रवेश आणि दप्तराचे. तेवढ्यात फक्त बोलून रेकॉर्ड करा, मसुदा पुढे ढकला. हे आधी ठरवून केलेलं असलं की त्याला चालढकल म्हणत नाहीत. पहिला मसुदा वहीतच करा. वीज गेली तरी काम थांबत नाही आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो.

एक वेगळी शक्यता सांगून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडलेली असेल, लिहिण्याबरोबरच स्वयंपाक, शाळा, माणसं यांतलाही रस गेला असेल, तर तो लेखनाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला, तिथे मराठीतही बोलता येतं. तुमच्या लिहिण्यातून तसं काही दिसत नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू असेल.

राहिला संपादकांचा प्रश्न. तुम्ही त्यांना दोन महिन्यांत काही कळवलेलं नसेल, आणि ते न कळवणंही वही उघडू देत नसेल. त्यांना पानं लावायची असतात, चित्रकाराकडे मजकूर द्यायचा असतो. उशिरापेक्षा अनिश्चिततेने त्यांची जास्त अडचण होते. पहिलं रेकॉर्डिंग झालं की त्याच संध्याकाळी कळवा: 'कानबाईवरच्या लेखाचं काम सुरू आहे. लेख रोटांच्या दिवसाभोवती राहील, शब्द अठराशे ते दोन हजार. मजकूर अमुक तारखेला पाठवते. पानांच्या दृष्टीने ती तारीख चालेल का?' कारणं देऊ नका, माफीचा परिच्छेद लिहू नका. तारीख मात्र तुमच्या अंदाजापेक्षा चार दिवस पुढची द्या, कारण प्रमाण मराठीत आणण्याचं काम वाटतं त्यापेक्षा नेहमी जास्त वेळ खातं.